तुटक्या पंचाची खूण

हल्ली बटण दाबलं की गाडी चालू होते. माझ्या नातीला किक म्हणजे काय हे सांगताना माझा अर्धा तास गेला, आणि सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही गाडीला लाथ मारायचात?" म्हटलं, हो बाई, आणि कधीकधी गाडी आम्हाला उलट मारायची. नडगीवरचा व्रण दाखवला तेव्हा कुठे तिला पटलं.

मुलुंडला पाच रस्त्यापासून थोडं आत माझं मोटारसायकलचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक शटर, वर पत्रा, पुढे तीन गाड्या उभ्या राहतील एवढी फरशी आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. हे बाकडं मी हौसेने ठेवलं आणि जन्मभर पस्तावलो. कारण त्यावर बसणारा प्रत्येक माणूस माझ्यापेक्षा मोठा मेकॅनिक असायचा. मी इंजिन उघडलं की वरून आवाज यायचा, "रमाकांत, रिंग गेल्या असतील बघ." इथे साधं क्लचचं काम चाललेलं असायचं.

गॅरेज कसं उभं केलं, कुठे शिकलो, हे सगळं सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. मी एकाच किकबद्दल लिहिणार आहे. ही हकीगत मी बायकोला अर्धी सांगितली आहे आणि मित्रांना तर मुळीच नाही.

त्याआधी एक कबुली. "गाडी चालू होत नाही" म्हणून येणाऱ्या दहांतल्या चारांच्या गाडीत काही बिघाड नसायचा. बँकेतले एक गृहस्थ महिन्या-दोन महिन्यांनी नाहूरपासून गाडी ढकलत यायचे, घामाने शर्ट चिंब. पेट्रोलचा कॉक बंद असायचा. मी खाली वाकून, बोटाने कॉक फिरवून, इकडेतिकडे दोन नट घट्ट केल्यासारखं करून किक मारायचो. पहिल्या किकला गाडी चालू. ते म्हणायचे, "तुमच्या हाताला गुण आहे बुवा." मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चारचौघांत त्यांचा पोपट झाला असता, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताचा गुणही गेला असता. गप्प राहून आपलं नाव टिकवायची सवय मला अशी छोट्या गोष्टींतून लागली. पुढे ती महागात पडली, पण मला नाही, दुसऱ्याला.

आता किकचं सांगतो. ज्यांनी कधी इंजिन उघडं पाहिलं नाही त्यांनाही कळेल असं सांगतो. किकच्या दांडीला एक लोखंडी शाफ्ट असतो. त्या शाफ्टवर दातेरी चकती असते, तिला आम्ही रॅचेट म्हणतो. तिच्यासमोर इंजिनाकडचं गियर असतं, त्यालाही तसेच दाते. तुम्ही किक दाबली की रॅचेटने पुढे सरकून त्या गियरला पकडायचं, इंजिन फिरवायचं आणि तुम्ही पाय उचलला की सोडून मागे यायचं. शेजारणीसारखं. कामापुरता हात धरायचा, काम झालं की आपल्या घरी. एरवी ती पुढे सरकू नये म्हणून एक छोटी पट्टी तिला अडवून धरते. किक अमुक इतकी खाली गेली की चकती पट्टीवरून सुटते आणि मागची स्प्रिंग तिला पुढे ढकलते.

यात गंमत अशी की रॅचेट शाफ्टवर बसवताना बरोबर एकाच जागी बसली पाहिजे. दोन दाते इकडे किंवा तिकडे बसवली तरी ती बसते, छान बसते, दिसायला काही फरक नाही. फक्त कव्हर लावून किक मारली की ती पट्टीवरून वेळेत सुटतच नाही आणि दांडी भसकन खाली जाते. पायाखाली जिन्याची पायरी नसावी तसं होतं. म्हणून कंपनी शाफ्टवर एक ठिपका देते आणि रॅचेटवर एक. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, बस.

पण आमच्या वेळी कंपनीचं पुस्तक कोणी बघितलं होतं? आमची पद्धत वेगळी. उघडायच्या आधी हातोडी आणि पंच घ्यायचा, आणि जिथे दोन भाग जुळतात तिथे दोन्हींवर ठोकून आपली खूण करायची. पंच म्हणजे टोकदार पोलादी सळई, एक ठोका दिला की लोखंडावर ठिपका उमटतो. परत बसवताना आपल्या खुणेला आपली खूण लावायची. माझ्या पंचाचं टोक एका बाजूने तुटलेलं होतं. त्यामुळे माझा ठिपका गोल यायचा नाही, एका बाजूने चपटा यायचा. सांताक्रूझला कोणी इंजिन उघडलं तरी आत बघून म्हणायचा, हे मुलुंडच्या रमाकांतकडे उघडलेलं आहे. मला त्याचा अभिमान होता. पंचाला धार लावून घ्यायला दोन मिनिटं लागली असती, पण मी लावली नाही.

धुरीकाका माझ्याकडे आले ते गिरणी बंद झाल्यावर. नारायण धुरी, राहायला भांडुपला, गाव मालवणजवळ. गिरणीत वीस वर्षं फिटर. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. तीन वर्षं त्यांनी मिळेल ते केलं, मग कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे. ते पंचेचाळीस पार केलेले, मी तिशीतला. मालक मी, पण काका म्हणायचो, आणि ते मला अरे-तुरे करायचे. त्यांनी मोटारसायकल कधी चालवलीही नव्हती. पण हात काय सांगू. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी न्यायचे आणि "ह्यां संपला" म्हणायचे. संपलेलं असायचं. महिन्याभरात ते क्लच करायला लागले, सहा महिन्यांत अख्खं इंजिन.

खुणेच्या बाबतीत ते फार कडक. गिरणीत तीन पाळ्या. सकाळच्या फिटरने मशीन उघडायचं आणि दुपारच्याने बसवायचं असं रोजच चालायचं. दोघांची गाठही पडायची नाही. उघडणाऱ्याने केलेली खूण बसवणाऱ्याने डोळे मिटून मानायची, तिच्यावर शंका घ्यायची नाही. आणि एखादी खूण निकामी झाली, म्हणजे जोडीचा भाग बदलला, तर छिन्नीने तिच्यावर आडवी रेघ मारून ती खोडायची. न खोडता सोडली तर सगळं खातं त्या फिटरला शिव्या घालायचं. काका मला एक-दोनदा म्हणालेही, "रमाकांता, तुझे जुने खुणी खोडीत जा." मी म्हणालो, "हो हो." मला कोणी काही विचारलं किंवा सांगितलं की मी आधी हो म्हणायचो आणि मग, जमलं तर, ऐकायचो. बायको अजून याच गोष्टीवरून भांडते.

गॅरेजचं काम त्यांना आवडायचं, पण मन रमलं नव्हतं. त्यांना परत कार्डावर फिटर व्हायचं होतं. एकदा चहा पिताना म्हणाले, "गिरणीच्या कार्डार लिवलेला होता, नारायण धुरी, फिटर. आता कोण इचारला तर काय सांगतलंय? गॅरेजात असतंय." ते काही रडून सांगितलं नव्हतं, साधंच बोलले. पण मला ते लागलं. माझ्या गॅरेजमध्ये असणं म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नसणं होतं.

म्हणून मी कर्णिकसाहेबांशी बोललो. कर्णिक मुलुंडलाच राहायचे. भांडुपच्या बाजूला एका इंजिनीअरिंग कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख होते. माणूस काटेकोर, चष्मा नाकावर, खिशात छोटा मोजपट्टीचा डबा. त्यांची जपानी बनावटीची नवी शंभर सीसीची गाडी माझ्याकडेच असायची. त्यांच्या खात्यात एका फिटरची कायम जागा भरायची होती. मी काकांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "वय जास्त आहे. पण मी वर बोलू शकतो. आधी काम बघू दे. माझ्या गाडीचा तिसरा गियर सुटतोय, इंजिन उघडावंच लागेल. हे पूर्ण काम त्यांच्याकडून करून घे. मी शनिवारी संध्याकाळी येतो. काम मनासारखं झालं तर सोमवारी त्यांना कारखान्यात घेऊन जातो."

काकांना सांगितलं, तर ते दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. गॅरेजमध्ये. मी म्हटलं, "काका, लग्नाला निघालात की काय?" तर म्हणाले, "परीक्षाच ना रे ती."

गुरुवारी त्यांना रेशनच्या ऑफिसात जायचं होतं. जाताना मला बजावून गेले, "मी येयसर इंजिन उघडू नको." मी हो म्हणालो. आणि दुपारी बाकी गाड्यांची कामं लवकर आटपली म्हणून मीच इंजिन उघडलं. म्हटलं, काकांचा वेळ वाचेल. गियर काढले, किकचा शाफ्ट काढला, त्यावरची रॅचेट काढली, सगळं रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकलं. खूण कुठली, काय, काही बघितलं नाही. काका आले तर समोर धुतलेल्या भागांचा ट्रे. त्यांनी मग शर्ट काढून खुंटीला लावला आणि कामाला बसले.

शनिवारी चारला ते शेवटचे बोल्ट आवळत होते. मी रस्त्याकडेला दुसऱ्या गाडीचं चाक काढत होतो. कर्णिकसाहेब वेळेआधी आले. बाकड्यावर आणखी दोघं होते, एक दूधवाला आणि एक आमचा नेहमीचा, ज्याला बाकड्यावर बसण्याशिवाय काम नव्हतं. काका म्हणाले, "वायच थांब, हातान किक बघतंय." पण मला दाखवायची घाई. माझा माणूस, माझं गॅरेज. मी म्हटलं, "अहो, झालंय ना," आणि स्वतःच गाडीवर बसून किक मारली.

किक भसकन खाली गेली. दांडी फूटरेस्टवर आपटली, खणकन आवाज झाला. परत मारली, परत तेच. इंजिन हललंही नाही.

बाकड्यावरचा म्हणाला, "वाट लागली." कर्णिकसाहेब चष्मा काढून पुसायला लागले, हे बोलण्यापेक्षा वाईट.

आणि मी काय केलं? मला लाज वाटली. ती लाज अंगावर घ्यायची सोडून मी दुसऱ्याच्या अंगावर टाकली. काकांना म्हटलं, "काय हो काका, साधी रॅचेट बसवता येत नाही? हे गिरणीचं मशीन नाही, कसंही बसवायला. साहेबांसमोर माझं नाक कापलंत."

काका उभे होते, हातात पाना. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "खुणेक खूण लावलंय."

"मग खूण काय खोटं बोलते?"

त्यांनी पाना जागेवर ठेवला. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने. धुतलेला शर्ट चढवला, कर्णिकांना नमस्कार केला आणि गेले. कर्णिक मला म्हणाले, "सोमवारी येतो. तोपर्यंत तूच बघ." त्या "तूच"मध्ये सगळं आलं होतं.

रविवारी सकाळी मी एकटा गॅरेजवर गेलो. कव्हर काढलं, शाफ्ट बाहेर काढला. बघतो तर ठिपक्यासमोर ठिपका. काकांनी लावलेलं अगदी बरोबर. म्हटलं स्प्रिंग गेली असेल. नवी स्प्रिंग टाकली, कव्हर लावलं, किक मारली. भसकन. परत उघडलं. अडवणारी पट्टी वाकली असेल म्हणून तीही बदलली. भसकन. अकरा वाजून गेले, मी घामाघूम. बाकड्यावर कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी त्याच्या डोक्यात पाना घातला असता.

तिसऱ्यांदा रॅचेट हातात घेतली आणि पेट्रोलमध्ये बुडवून पितळी ब्रशने घासली, तशी काळ्या थराखालून आणखी एक ठिपका वर आला. बारीक, अगदी सुईच्या टोकाएवढा, गोल. तो कंपनीचा. म्हणजे रॅचेटवर दोन ठिपके होते. काकांनी शाफ्टचा ठिपका ज्याला लावला होता तो मोठा, ठळक. मी तो उजेडात धरला. तो एका बाजूने चपटा होता.

मला सगळं आठवलं. वर्षापूर्वी याच गाडीचा किकचा शाफ्ट खराब झाला होता. तेव्हा मी नेहमीसारखी रॅचेटवर आणि शाफ्टवर आपली खूण ठोकली, मग ऑपेरा हाउसच्या स्पेअर-पार्ट बाजारातून नवा शाफ्ट आणला आणि हाताने अंदाज घेत घेत बसवला. जुना शाफ्ट भंगारात गेला, त्याच्यावरची माझी खूणही गेली. रॅचेटवरची तशीच राहिली, जोडीदार नसलेली, न खोडलेली. ती खोटी खूण माझी होती. शाफ्टवर कंपनीचा ठिपका, चकतीवर माझा. काकांनी दोन्ही समोरासमोर आणले. दुसरं करणार काय?

ती रॅचेट मी खिशात टाकली आणि शेल्फावरची नवी घेऊन बारीक ठिपका जुळवून बसवली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. इतकी झकास चालली, तिसरा गियर लोण्यासारखा पडत होता. ते सगळं काकांचं काम.

सोमवारी सकाळी कर्णिक आले. किक मारली, पाच रस्त्यापर्यंत फेरी मारून आले, खूश. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"रॅचेट चुकीच्या जागी बसली होती."

"त्या काकांची चूक ना?"

बाकड्यावर तो नेहमीचा होता. मी फडक्याने हात पुसत होतो. हात स्वच्छच होते, तरी पुसत होतो. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कर्णिक म्हणाले, "हं. वयाचा प्रश्न असतोच," आणि गेले. पाच-सात सेकंदांची गोष्ट. मला आजही त्या सेकंदांचा राग येतो, त्या फडक्याचासुद्धा.

काका सोमवारी आले नाहीत. मंगळवारी, बुधवारीही नाही. गुरुवारी मी शटर लवकर ओढलं आणि भांडुपला गेलो. टेकडीच्या कडेची चाळ, दारात तुळशीचा डबा. काका पाटावर बसून शेजाऱ्याचं शिलाई मशीन उघडून दुरुस्त करत होते. काकींनी मला बघून आत चहा ठेवला. म्हणजे काका घरी काही बोललेले नव्हते.

मी खिशातून रॅचेट काढली. रविवारीच ती बदलून गाडीला नवी टाकली होती. त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "काका, ही खूण माझी होती."

त्यांनी बघितलीही नाही. "म्हायत आसा."

"म्हणजे?"

"तुझो पंच मी रोज हातात घेतंय. तुझी खूण मी वळखूचंय नाय? तुका इचारलंय पण. शुक्रवारी, तू त्या लाल गाडीखाली होतंस. म्हटलंय, ही खूण तुझी मां, हीच लावू? तू होय म्हटलंस."

मला अजिबात आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणालो असणार यात मला शंका नव्हती. मी म्हटलं, "मग त्याच वेळी का नाही बोललात? सगळ्यांसमोर मी तुम्हाला एवढं बोललो. साहेब उभे होते. एक शब्द बोलला असतात तर—"

काका मशीनचा स्क्रू आवळत होते. तो पुरा आवळून झाल्यावर म्हणाले, "चार लोकांत सांगू? रमाकांतची खूण खोटी निघाली म्हणान? मी काय रे, एक नाय तर दुसरीकडे जातलंय. तुझा गॅरेज आसा. तू खंय जातलंस?"

काकी चहा घेऊन आल्या. मी तो कसा प्यालो मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. कर्णिकांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं, रॅचेट हातात देऊन. त्यांनी खिशातली भिंगासारखी काच काढून दोन्ही ठिपके बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "आणि तो माणूस काही बोलला नाही?"

"नाही साहेब."

"सोमवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"जागा बुधवारी भरली." रॅचेट त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "असाच माणूस मला हवा होता, रमाकांत." आणि आत गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत भांडुपला गेलो. काकांना सांगितलं की साहेबांना सगळं सांगितलं, पण जागा भरली होती. कधी भरली ते सांगितलं नाही. साहेबांनी सोमवारी मला विचारलं होतं तेही सांगितलं नाही. काका "बरां" म्हणाले. मी म्हटलं, "परत या. शनिवारी बाकड्यावर जे होते त्या दोघांना मी तुमच्यासमोर सांगतो चूक कोणाची होती." ते म्हणाले, "त्येची गरज नाय." तरी मी सांगितलं. तो नेहमीचा ऐकून म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं." त्याला नेहमीच तेव्हाच वाटलेलं असायचं.

काका आले, आणि पुढची पाच वर्षं राहिले. आल्या दिवशी मी माझा पंच त्यांच्या हातात दिला. म्हटलं, यापुढे या गॅरेजमध्ये खूण मारायची ती तुम्ही, मी नाही. त्यांनी पंच घेतला, आणि त्याच दिवशी छिन्नी घेऊन शेल्फावर पडलेले सगळे जुने भाग खाली काढले. ज्या ज्या खुणेला जोडीदार नव्हता तिच्यावर एक एक आडवी रेघ. दुपारभर त्यांचं ते चाललं होतं. मी एक पाटी रंगवून घेतली होती, गॅरेजच्या पाटीखाली लावायला, बारीक अक्षरात, "ना. धुरी, फिटर." ती लावली तेव्हा ते खाली उभं राहून वाचत होते. "वाकडी लावलंस," एवढंच म्हणाले. पाटी वाकडी नव्हती.

कर्णिकांची गाडी नंतरही आमच्याकडेच यायची. आता ते गाडी काकांच्याच हातात द्यायचे आणि दोघं तासन्‌तास बोलत बसायचे, बेअरिंगवर, कारखान्यातल्या मशीनवर. मी लांब राहायचो. त्यांचं बोलणं चाललं असलं की माझ्या हातात आपोआप फडकं यायचं.

काका गावी जायला निघाले तेव्हा घर आवरून झालं होतं, सामान ट्रकने पुढे गेलं होतं. गॅरेजवर निरोप घ्यायला आले, कापडी पिशवी घेऊन. खिशातून पंच काढून माझ्यासमोर धरला. टोक तसंच तुटकं. इतकी वर्षं ग्राइंडर त्यांच्या हाताशी होता. मी विचारलं, "काका, धार का नाही लावलीत?"

"लावलंय असतंय तर तुझी खूण कशी वळाखतली लोकां?"

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "आणि ऐक. तां सोमवारचा मनात ठेवू नको."

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? कर्णिकसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं. केव्हा, तर म्हणे फार पूर्वी, मी कारखान्यात गेलो त्याच संध्याकाळी भांडुपला येऊन. म्हणजे पहिल्या दिवशी परत येऊन माझ्या हातून पंच घेतला तेव्हा त्यांना माहीत होतं. पाटी वाचताना माहीत होतं. मी लांबून फडक्याने हात पुसत असताना माहीत होतं. पाच वर्षं माझ्या शेजारी बसून त्यांनी चहा प्यायला आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मी मात्र रोज ठरवायचो, आज सांगू, आणि नाही सांगायचो.

त्यांनी धरलेला पंच मी घेतला आणि त्यांच्या पिशवीत ठेवला, कपड्यांच्या घडीखाली. ते नको म्हणाले नाहीत. रिक्षा उभी होती, काकी आत बसल्या होत्या. काका बसताना वर पाटीकडे बघून म्हणाले, "ती काढू नको हां."

गॅरेज विकलं तेव्हा ती पाटी मी घरी आणली. माझी कुठलीही पाटी आणली नाही.